माझं पोट किती खोल असावं

मित्रांनो, मी एक छोटीशी गिटार आहे. आता बरीच जुनी झाले आहे. मला पहिल्यांदा मांडीवर घेणारा माणूस म्हणतो, "अरेच्चा, अंगाने किती बारीक आहे ही!" मग तो तार छेडतो आणि गप्प होतो. एवढ्याशा पोटातून एवढा भरदार आवाज येईल, असं त्याला वाटलेलं नसतं. माझं हे पोट किती खोल ठेवायचं, हे ठरवताना एका घरावर काय ओढवलं, तेच मी आज तुम्हांला सांगणार आहे. ऐकताना थोडी भीती वाटेल, पण कान देऊन ऐका.

माझा जन्म एका अरुंद, लांबलचक दुकानात झाला. पुढे काचेचं दार, मधे कामाचं भलंमोठं टेबल, मागे फळ्यांची मांडणी आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात कापायचं मशीन. त्या मशीनमध्ये करवतीचा लांब पट्टा दोन मोठ्या चाकांवरून गरगर फिरायचा. मी तेव्हा गिटार नव्हते. मांडणीवर पडून असलेल्या काही फळ्या, एवढीच माझी ओळख होती.

दुकान ज्यांचं होतं त्यांना सगळी गल्ली 'कानसेन' म्हणायची. फळीवर नुसती टिचकी मारून ती गाणारी आहे की मुकी, ते सांगायचे. दुसऱ्याच्या गिटारीची एखादी तार केसभर उतरलेली असली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांची लेक त्यांच्या हाताखालीच काम शिकली होती. आता तीही उत्तम कारागीर झाली होती, पण गिटारीचा आवाज कसा असावा, हे ठरवायची वेळ आली की शब्द बाबांचाच चालायचा.

एके दिवशी बालवाडीच्या बाई दुकानात आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना हात हलवणाऱ्या. त्यांच्या पाठीवर एक जुनी, जाडजूड गिटार होती. त्यांनी ती मांडीवर घेऊन दाखवली. तिच्या फुगीर पोटावरून हात पुढे घालायला त्यांना खांदा पार कानापर्यंत उचलावा लागत होता.

"बघितलंत ना? भिंतीवरून शेजारी डोकवावं तसं वाजवते मी," बाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी खांदा चोळला. "रात्री झोप लागत नाही हो या दुखण्याने. डॉक्टर म्हणतात, गिटार सोडा. मी गिटार सोडली तर माझी पिल्लं मला सोडतील. मला एक छोटी, सडपातळ करून द्या. पण आवाज शेवटच्या पिल्लापर्यंत पोचला पाहिजे, हं. माझा वर्ग म्हणजे मासळीबाजार आहे."

कानसेनांनी बाईंच्या काखेपासून बरगडीपर्यंत बोटं टेकवून माप घेतलं. "चार बोटं खोल," ते म्हणाले. "त्याहून जास्त नको. अगदी मापात बसेल."

मित्रांनो, हा निर्णय तिथेच संपला असता, तर किती बरं झालं असतं!

गिटारीच्या पोटाची खोली म्हणजे तिचा श्वास. पोट खोल असेल तर जाड तारांचा आवाज घुमतो, खर्ज भरतो. पण फार खोल केलं तर तो आवाज आतल्या आत घोटाळतो आणि वाजवणाऱ्याचा हातही अवघडतो. उथळ पोटाची गिटार चटकन बोलते, हातात छान बसते, पण फारच उथळ केली तर तिचा आवाज पत्र्यासारखा लागतो. शिवाय यात एक मोठी मेख आहे. बाजूच्या पट्ट्या रंध्याने तासून पोट कमी करता येतं. एकदा तासलेलं मात्र पुन्हा जोडता येत नाही.

मांडणीवरून मला समोरची भिंत दिसायची. तिथे कानसेनांनी अलीकडे केलेल्या गिटारी क्रमाने टांगलेल्या होत्या. डावीकडची जुनी, उजवीकडची नवी. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की प्रत्येकीचं पोट आधीच्या गिटारीपेक्षा थोडं जास्त सुटलेलं होतं. सगळ्यात शेवटची तर एका गवयाने परत आणून दिली होती. "माठात तोंड घालून बोलल्यासारखी वाटते," असं तो म्हणाला होता. कानसेन त्याच्यावर असे भडकले होते की तो पैसे न मागताच निघून गेला.

लेक कधी कधी काम थांबवून त्या भिंतीकडे टक लावून बघायची.

आणखीही काही गोष्टी घडत होत्या. कानसेनांना चमच्याची किणकिण ऐकू यायची, सायकलची घंटी ऐकू यायची, लहान मुलांचं बोलणं नीट कळायचं. पण लाकडाचा व्यापारी येऊन बोलू लागला की ते म्हणायचे, "हे पुरुष हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. बायका बघा, कशा स्पष्ट बोलतात!" सगळे हसायचे. व्यापारीसुद्धा हसायचा. एकदा ते दुकानातून सरळ रस्त्यावर उतरले आणि मागे येणारा ट्रक त्यांना कळलाच नाही. लेकीने कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. ट्रकची धडधड मला आत, मांडणीवर, पाठीतून जाणवली होती.

"हॉर्न वाजवायला काय होतं त्याला?" कानसेन ओरडले.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, इंजिनचा आवाज केवढा होता!"

"मी विचारात होतो," ते म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

मग माझ्या फळ्या कापायचा दिवस आला. मशीन सुरू झालं आणि मला पहिल्यांदा ती घुरघुर जाणवली. लाकडाला कान नसतात, असं तुम्ही म्हणाल. पण आम्ही सगळ्या अंगाने ऐकतो. खोल आवाज तर आमच्या अंगात आधी शिरतो. वरच्या चाकाच्या आत, अगदी आसाजवळ, काहीतरी दात खात होतं.

"बाबा, मशीन घुरघुरतंय," लेक म्हणाली.

"कुठे?" कानसेनांनी मान तिरकी केली. "काही नाही. नेहमीचाच आवाज आहे."

"अहो, केवढं घुरघुरतंय! वरचं बेअरिंग गेलंय बहुतेक. मिस्त्रीला बोलवू या का?"

"हे काम होऊ दे, मग बोलवू."

बाबांनी कानाडोळा केला, असं तिला वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण ते आवाजाकडे दुर्लक्ष करत नव्हते. तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. हे त्या दुकानात कुणालाच कळलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

गरम नळीवर दाबून माझ्या बाजूच्या पट्ट्या वाकवल्या गेल्या. वरची फळी चिकटवली गेली. मागची फळी अजून पक्की केली नव्हती, चिमटे लावून नुसती बसवली होती, कारण पोट तासून खोली ठरवायचं काम बाकी होतं. कानसेनांनी माझ्या छातीवर थाप मारली. ही माझी पहिली हाक होती, मित्रांनो. मी जीव तोडून ओ दिली.

ते थांबले. पुन्हा थाप मारली. मग जरा जोरात.

"खर्ज कुठाय हिला?" ते म्हणाले.

लेकीने नवलाने वर पाहिलं. "आहे की बाबा. किती छान घुमतेय. अजून तासायचं आहे, तरी एवढी."

"छान घुमतेय? ही घुमतेय?" त्यांनी परत थाप मारली. "डबडं आहे डबडं! पट्ट्याच अरुंद कापल्या गेल्या. सहा बोटं पाहिजेत हिला. नव्या पट्ट्या काढतो."

"सहा बोटं? बाईंचा हात कसा पोचेल? तुम्हीच तर चार म्हणालात."

"बाईंना आवाज हवाय ना?"

"आवाज आहे बाबा! मला ऐकू येतोय!"

"तू मला आवाज शिकवणार?" कानसेन थंडपणे म्हणाले. लेक कात्री घेऊन पुढच्या काउंटरवर तारा कापायला गेली. मी टेबलावर चिमट्यांत अडकून पडले होते. माझ्या जन्मावर पहिलाच शिक्का 'मुकी' असा बसला होता.

कानसेनांनी नवी फळी घेतली आणि मशीन सुरू केलं.

या वेळी घुरघुर नव्हती. खालून वर चढत जाणारा एक जाडाभरडा घरघराट होता. टेबलाचे पाय थरथरले. माझ्या पोटात तो आवाज शिरला आणि घुमला. भिंतीवरच्या गिटारींच्या जाड तारा कुणी हात न लावताच हलू लागल्या. मला ओरडायचं होतं. पण मला कुणी वाजवल्याशिवाय आवाज नाही, हे माझं दुर्दैव.

कानसेन शांतपणे फळी पुढे सरकवत होते. शेतात एखादा माणूस पाठमोरा उभा असावा आणि मागून वादळ यावं, तसे ते मला दिसले.

लेकीने मान वर केली. "बाबा, बंद करा!"

मशीनच्या आवाजात तिची हाक विरून गेली. ती धावली. तिने बाबांच्या दंडाला धरून मागे खेचलं आणि दुसरा हात बटणाकडे टाकला. त्याच क्षणी वरचं चाक अडकलं. पट्टा तुटला आणि चाबकासारखा बाहेर आला.

मशीन बंद पडलं. नवी फळी दुभंगून खाली पडली होती. लेक जमिनीवर बसली होती आणि तिच्या डाव्या हातातून रक्त वाहत होतं, मनगटापासून कोपरापर्यंत.

कानसेनांनी अंगातला सदरा काढून तिच्या हाताला घट्ट गुंडाळला. "हाक का नाही मारलीस? आधी हाक का नाही मारलीस, पोरी?"

"मारली ना बाबा," ती दातांवर दात रोवून म्हणाली. "आणि ते तर केव्हाचं ओरडत होतं. सगळं दुकान हलत होतं. तुम्हांला खरंच ऐकू नाही आलं?"

कानसेन तिला उचलून रिक्षाकडे घेऊन गेले. दार उघडंच राहिलं. टेबलाखालच्या भुशावर लाल डाग पडला होता. तो हळूहळू काळा होत गेला.

दुकान काही दिवस बंद होतं. एका दुपारी कानसेन एकटेच आले. त्यांनी दिवा लावला नाही. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे गोळा केले, भुसा झाडला, आणि मग माझ्यापाशी येऊन बसले. माझ्या छातीवर हलकेच थाप मारली. मी ओ दिली. त्यांचा चेहरा तसाच राहिला, कोरा.

मग ते सांधा बघायला खाली वाकले. दुपारची तिरीप पाहिजे तशी पडत नव्हती, म्हणून आणखी वाकले. त्यांची हनुवटी माझ्या कडेला टेकली. तशीच टेकलेली असताना त्यांनी बोटाने मला ठोकलं.

ते दचकले. इतके, की त्यांचा चष्मा खाली घसरला.

त्यांनी पुन्हा ठोकलं. माझा खर्ज माझ्या कडेतून त्यांच्या जबड्याच्या हाडात गेला आणि तिथून आत, थेट जिथे पोचायला हवा तिथे पोचला. त्यांनी हनुवटी उचलली आणि ठोकलं. काही नाही. हनुवटी टेकली आणि ठोकलं. आवाज होता. भरलेला, गोल, घुमणारा. कितीतरी वेळ ते हेच करत राहिले. मला वाटलं, आता ते आनंदाने हसतील. पण त्यांनी कपाळ माझ्या छातीवर टेकलं आणि माझं कोवळं लाकूड ओलं झालं.

लेक केव्हा दारात येऊन उभी राहिली, त्यांना कळलं नाही. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. ती समोर आल्यावरच त्यांनी मान वर केली.

"पोरी, हिला खर्ज आहे," ते म्हणाले.

"मी तेच सांगत होते बाबा."

"म्हणजे माझे कान गेले." ते भिंतीकडे बघत होते, त्या पोट सुटलेल्या गिटारींच्या रांगेकडे. "मला वाटायचं, लाकूड खराब येतंय. मला वाटायचं, लोकच हळू बोलतात."

लेक त्यांच्याजवळ बाकावर बसली. मग कानसेनांनी पेन्सिल तिच्या चांगल्या हातात दिली. "खोली तू ठरव."

"मी?"

"हो. हात माझे, कान तुझे. सांग."

तिने मला बाईंसारखं मांडीवर धरून पाहिलं, खांदा उचलून, पाडून. मग माझ्या कडेने तिने एक तिरकी रेघ ओढली. वरच्या बाजूला, जिथून हात पुढे यायचा, तिथे चार बोटांहून थोडी कमी खोली. खालच्या बाजूला, मांडीकडे, चार बोटांहून थोडी जास्त. "हात अवघडणार नाही, आणि आतला श्वासही तेवढाच राहील," ती म्हणाली.

कानसेनांनी रंधा हातात घेतला. माझ्या कडेवरून लाकडाच्या पातळ सालपट्या निघू लागल्या. प्रत्येक सालपटीबरोबर मला भीती वाटत होती. एक जास्त निघाली की मी जन्मभर पत्र्यासारखी वाजणार होते. थोडं तासून झालं की चिमटे लावून मागची फळी बसवायची, ठोकायचं, आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे बघायचं.

"थांबू?"

"अजून थोडं."

"आता?"

"अगदी थोडं, बाबा. हळू."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला विचारून रंधा थांबवला नव्हता, तो आता लेकीच्या नजरेवर जीव टांगून बसला होता. शेवटी तिने हात वर केला. "बस."

त्यांनी रंधा खाली ठेवला. त्याच दिवशी माझी पाठ कायमची बंद झाली.

नंतर दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांचं बोलणं मी टेबलावरून ऐकलं. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते जाम होत चाललं होतं. खोल आवाज आधी जातो, मग बाकीचा. एका कानावर ऑपरेशन करता येईल, दुसऱ्याला उशीर झाला आहे, तिथे यंत्र लावावं लागेल. आणि डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती कानसेन सांगायचं टाळत होते. लेकीनेच विचारलं, "माझ्याकडे बघून ते जे म्हणाले, ते खरं का बाबा?"

"घराण्यात असू शकतं, म्हणाले," कानसेन खाली बघत म्हणाले. "दर वर्षी तपासून घे."

"घेईन," ती म्हणाली.

मी बाईंच्या घरी गेले आणि माझ्या आयुष्याचे चांगले दिवस सुरू झाले. बाई जमिनीवर फतकल मारून बसायच्या आणि त्यांचा हात माझ्यावरून अलगद पुढे यायचा. खांद्याचं दुखणं पुष्कळ कमी झालं. मुलं मला 'छोट्या बाई' म्हणायची. गोंगाट कितीही असो, मी पहिला सूर दिला की मागच्या रांगेतलं पिल्लूसुद्धा मान वळवायचं. पाहुणे यायचे, कौतुक करायचे. मी फुलून जायचे.

पण मग बालवाडीत गाणी वाजवणारा एक डबा आला. त्याचं बटण दाबलं की झालं, तारा लावायच्या नाहीत की बोटं दुखवायची नाहीत. मला कपाटावर ठेवलं. वर पत्रा तापायचा. माझं लाकूड सुकत गेलं, पाठीचा सांधा उकलला, एक तार आपोआप तुटली. किती उन्हाळे गेले, कोण जाणे. बाई निवृत्त व्हायच्या दिवशी त्यांनी वर हात घातला आणि माझ्यावरची धूळ बघून त्यांना रडू फुटलं. त्या मला तडक दुकानात घेऊन गेल्या.

दुकान तसंच होतं, मशीन नवीन होतं. लेकीच्या केसांत पांढरी बट आली होती. कानसेन खुर्चीत बसलेले, कानात यंत्र, अंगाने वाळलेले. लेकीने माझा सांधा जोडला, नव्या तारा चढवल्या. बारीक तारा तिने कानाने लावल्या. जाड तारेपाशी आली आणि तिने खिशातून सूर मोजणारं एक चिमुकलं यंत्र काढून माझ्या डोक्याला लावलं. त्याच्या पडद्यावरचा काटा मधे येईपर्यंत ती खुंटी पिळत राहिली. ती तार ऐकत नव्हती. काट्याकडे बघत होती.

"आता तुम्हीसुद्धा यंत्रावर?" बाईंनी चेष्टेने विचारलं.

"पटकन होतं हो. आणि या तारेचा आवाजच हल्ली नीट लागत नाही. तारा कसल्या येतात, देव जाणे."

तार उत्तम होती. आवाज भरलेला होता. मी तो देत होते.

खुर्ची करकरली. कानसेन उठून उभे राहिले होते. "कान तपासलेस या वर्षी?"

"नाही बाबा. बघते पुढच्या महिन्यात."

"गेल्या वर्षी?"

तिने माझ्या डोक्याचं यंत्र काढून हातात घेतलं. कानसेनांनी काठी घेतली आणि पायात चपला सरकवल्या. "चल."

"आत्ता? दुकान उघडं आहे. बाईंचं काम अर्धं..."

"बाई बसतील दुकानात. चल म्हणतो ना!" त्यांचा आवाज चिरकला. लेकीने एकदा त्यांच्याकडे, एकदा स्वतःच्या हातातल्या त्या चिमुकल्या यंत्राकडे पाहिलं. मग ती निमूटपणे निघाली.

बाई मला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांनी मला वाजवलं नाही. गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन दारातून सरकत रस्त्यावर गेलं. शेवटी बापलेक परत आली, एकमेकांचा हात धरून.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"सुरुवात झालीय," लेक हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही कानांत. पण वेळेत आलात, म्हणाले. आणखी थोडी थांबले असते तर..."

कानसेन काउंटरला धरून उभे होते. "वेळेत," ते एवढंच म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

मित्रांनो, मला जपा, उन्हात टांगू नका, कपाटावर विसरू नका, हे तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मला सगळं आधी कळतं आणि कुणी छेडल्याशिवाय मी बोलू शकत नाही. तुम्हांला तसं बंधन नाही. तुमच्या घरात कुणी सारखं "काय म्हणालास?" असं विचारू लागलं, कुणी टीव्हीचा आवाज वाढवू लागलं, तर त्यांना हसू नका, त्यांच्यावर चिडू नका. जवळ बसा, हात धरा आणि सांगा. ते रागावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. ते "पुढच्या महिन्यात" म्हणाले, तर त्यांच्या चपला त्यांच्यापुढे आणून ठेवा.